फी जूनमध्ये, कमाई रमजानमध्ये : एकट्या पालकाने तजवीज कशी करावी?

घरात कमावणारे माणूस एकच असले, मग ती विधवा भगिनी असो, तलाकशुदा आई असो की पत्नी गमावलेला कारागीर, खासगी शाळेच्या फीचा बोजा थेट धंद्याच्या भांडवलावर येतो. जूनमध्ये फी भरण्यासाठी माल पडत्या भावाने विकला जातो, नाही तर शिलाई मशीन गहाण पडते. मग पुढच्या हंगामात काम घ्यायला हाती काहीच उरत नाही. म्हणून फीचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच मांडला पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांची कमाई हंगामी आहे. शिलाई, जरीकाम, चपला, बांगड्या, तयार कपडे, सगळ्यांचा जोर रमजानवर आणि लग्नसराईवर. शाळेची तारीख मात्र हलत नाही. २०१९ साली रमजान ईद ५ जूनला आली होती. ईदचा पैसा हातात असतानाच शाळा उघडल्या. २०२५ साली ईद ३१ मार्चला झाली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून ईद आणि जून यांतील अंतर सध्या वर्षागणिक वाढत आहे. मधल्या महिन्यांत तो पैसा घरखर्चात विरून जातो. पूर्वी आपोआप जमणारी गोष्ट आता ठरवून करावी लागेल.

प्रथम संपूर्ण खर्च लिहून काढा. समजा फी २४ हजार, रिक्षा १२ हजार, पुस्तके-गणवेश ६ हजार. एकूण ४२ हजार रुपये. खर्च वजा जाता वर्षाची कमाई २ लाख १० हजार असेल, तर हा बरोबर पाचवा हिस्सा झाला. महिन्याला ठरावीक रक्कम टाकणे हंगामी कामात जमत नाही. त्याऐवजी जेव्हा मजुरी किंवा नफा हातात येईल, तेव्हा त्यातील पाचवा हिस्सा त्याच दिवशी वेगळा काढा. पाचशे आले तर शंभर, दहा हजार आले तर दोन हजार. मंदीत कमी पडेल, तेजीत भरून निघेल. फी दरवर्षी वाढते, म्हणून हिशेबही दर एप्रिलला नव्याने करा. हा हिस्सा चौथाईच्या वर जात असेल, तर स्वस्त शाळा पाहण्यात कमीपणा मानू नये. शाळा बदलता येते, विकलेली मशीन परत येत नाही.

हे पैसे गल्ल्यात ठेवू नयेत. वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि वारसदाराचे नाव नोंदवावे. भिशी लावत असाल तर पाळी मे महिन्यात मिळेल असे आधीच ठरवून घ्या. बोली लावून उचलायच्या भिशीत रक्कम कापली जाते, ती टाळावी.

आता हक्काच्या गोष्टी. तलाक झाला म्हणून मुलांच्या खर्चातून बाप सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केले की, मुस्लिम मुलांना वडिलांकडून पोटगी मागण्याचा हक्क आहे आणि १९८६ च्या कायद्यामुळे तो कमी होत नाही. पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. अर्ज करताना फीच्या पावत्या जोडाव्यात. म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार खासगी शाळांत २५ टक्के जागा राखीव असून आठवीपर्यंत फी लागत नाही. ही सवलत फक्त सुरुवातीच्या वर्गातील प्रवेशासाठी आहे आणि अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, हे ध्यानात असू द्या. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांचा दाखला असलेल्यांना, उदाहरणार्थ मोमीन बांधवांना, उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी वार्षिक १ लाख रुपयांची मर्यादा आहे. मृत्यूचा दाखला किंवा तलाकचे कागद आधीच तयार ठेवा. एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजनाही आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी.

प्रवेशासाठी देणगी मागणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंद आहे. मागितलीच तर पावती मागा. हप्ते हवे असतील तर एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना भेटा. फी थकल्यावर गेलेल्या पालकापेक्षा आधी बोललेल्या पालकाचे ऐकले जाते.

येत्या रमजानचे पहिले काम हाती घ्याल, त्याच दिवशी फीचे खाते उघडा.