सीडीतल्या दोन बिंदूंमधला आवाज कुठे जातो?



नववीच्या विज्ञानात 'ध्वनीचा अभ्यास' हा पाठ आहे. माणसाला 20 ते 20,000 हर्ट्झ कंपनं ऐकू येतात, हे फळ्यावर लिहून मी वळलो, तर एका मुलाने हात वर केला. "सर, सीडीत आवाजाचे तुकडे करून ठेवतात ना? मग दोन तुकड्यांच्या मधला आवाज कुठे जातो?"

मी म्हणालो, "जातो थोडासा, पण इतका बारीक असतो की कानाला कळत नाही." मुलगा समाधानाने खाली बसला.

उत्तर साफ चुकीचं होतं. मीही ते कुठेतरी ऐकलेलं, न तपासता पुढे ढकललेलं.

पुढच्या शनिवारी त्याचे वडील शाळेत आले. घरी आजोबांच्या शंभरेक एलपी आहेत, पण त्या वाजवणारं यंत्र बंद पडलेलं. दुकानदाराचं म्हणणं, "साधा सीडी प्लेअर रेकॉर्डच्या पासंगालाही पुरत नाही. लाखभराचा घ्या, म्हणजे तोच आवाज मिळेल." आणि मुलाने घरी सांगितलेलं, "सरसुद्धा म्हणाले, सीडीत आवाज हरवतो." म्हणजे माझ्या चुकीची किंमत लाखभर रुपये होणार होती! मग मात्र नीट अभ्यासाला बसलो.

आधी मुलाचा प्रश्न. सीडीसाठी आवाजाची उंची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजतात. मधलं काही मोजलेलं नसतं, हे खरं. पण न मोजलेलं म्हणजे हरवलेलं नव्हे. भूमितीत आपण काय शिकवतो? तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जातं. वहीत तीनच ठिपके असले तरी वर्तुळाचा बाकीचा भाग 'गेला' असं आपण म्हणत नाही. आकृती वर्तुळच आहे ही अट ठाऊक असली, की तीन ठिपक्यांत ते पूर्ण सापडतं. इथेही तसंच. अट एवढीच, की मोजण्याआधी आवाजातली 22,050 हर्ट्झच्या वरची कंपनं गाळून टाकायची. मग त्या सगळ्या बिंदूंतून जाणारी, अट पाळणारी लहर एकच असते, आणि प्लेअर तीच परत काढतो. क्लॉड शॅनन यांनी 1949 साली ही गोष्ट गणिताने मांडली. पुस्तकांत डिजिटल आवाजाच्या आकृतीला जिन्यासारख्या पायऱ्या दाखवतात ना, त्यांनीच आपला घोटाळा केला. प्लेअरमधून तारेत येते ती गुळगुळीत लहर.

प्रत्येक मोजणी 16 बिटांत लिहितात, म्हणजे उंचीच्या 65,536 पायऱ्या. इथे मात्र थोडी पूर्णांकात आणण्याची चूक होते. ती मंद खरखरीच्या रूपात उरते, सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे 96 डेसिबल खाली. (वर्गात गुणाकार करून घ्या: 44,100 × 16 × 2. सेकंदाला 14,11,200 बिट. मुलांना मजा वाटते.)

आता तबकडीकडे या. एलपीची खाच म्हणजे आवाजाच्या लहरीचंच कोरीव चित्र. त्यात तुकडे नाहीत, म्हणून ती 'अस्सल' असं आपल्याला वाटतं. पण सुई प्लॅस्टिकवर घासत जाते, तिची खरखर फार तर 60-70 डेसिबल खाली असते. खर्जाचे सूर आहेत तसे कोरले तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून खर्ज दाबून आणि तार सूर उचलून कोरतात, वाजवताना उलट करतात. त्यात तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे एकाच गतीने फिरते. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम 21 सेंटिमीटर. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा! बाजूच्या शेवटी आवाज किंचित चिरका होतो, त्याचं हे एक मोठं कारण. सीडी मात्र आतून बाहेर वाजते आणि बाहेर जाताना आपले फेरे कमी करत जाते, म्हणून लेझरखालची गती सारखी राहते.

पण कागदावरचे आकडे कान मानत नाही, असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी एक जुना प्रयोग. लिन ही स्कॉटलंडची नामांकित टर्नटेबल बनवणारी कंपनी. तिचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रुन डिजिटलचे कडवे टीकाकार. 1984 मध्ये त्यांची परीक्षा घेतली गेली. एलपीचा आवाज कधी थेट ऐकवला, कधी सीडीच्याच जातीच्या 16 बिटांच्या डिजिटल यंत्रातून फिरवून आणून. कधी काय चालू आहे, ते त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. म्हणजे एलपीत जे आहे ते डिजिटलमध्ये मावतं. उलटं सगळं मावेलच असं नाही.

मग एलपी गोड लागते ती काय भास म्हणून? तसंही नाही. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की त्याच तारेतून कितीतरी वरचे सूर उमलतात. सुई खाचेत थोडी तिरकी बसते, तेव्हा मूळ सुरांच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे बारीक सूर असेच भर घालतात. शास्त्राच्या भाषेत ही विकृती, पण कानाला ती ऊब वाटू शकते. मला स्वतःला ती आवडते, लपवत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नव्वदच्या दशकापासून पुष्कळ सीडी 'मोठ्ठ्या' वाजाव्यात म्हणून हळू आवाज उचलून आणि मोठे आवाज दाबून काढल्या गेल्या. आलापाची कुजबुज आणि तिहाईचा दणका एकाच पातळीवर! एलपीत आवाज फार चढवला तर खाचा रुंद होतात आणि बाजूवर कमी मिनिटं मावतात, त्यामुळे तिथे हात आखडता घ्यावा लागे. म्हणून एखादी जुनी एलपी तिच्याच नव्या सीडीपेक्षा खरोखर सरस निघते. पण हा दोष मुद्रण तयार करणाऱ्यांचा. लाखाचा प्लेअरही दाबलेला आवाज सुटा करू शकत नाही, आणि चांगली सीडी साधारण प्लेअरवरही चांगलीच वाजते. 1982-83 च्या पहिल्या पिढीत यंत्रायंत्रांत फरक होता, फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरांत तर 14 बिटांचे परिवर्तक होते. आज चांगल्या यंत्रांत तो फरक फारच थोडा. पैसे घालायचेच तर स्पीकरवर घाला, तिथे कानाला फरक कळतो. आणि दुकानात तुलना करताना दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणायला सांगा, बरं का! जरा मोठा वाजणारा आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो.

हे सगळं त्या वडिलांना सांगितलं, आणि सोमवारी वर्गात माझं उत्तरही दुरुस्त केलं. कंपास काढून तीन ठिपक्यांतून वर्तुळ काढून घेतलं. तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, अट विसरलो तर हरवतो." मी माना डोलावल्या.

त्यांनी प्लेअर घेतला नाही. जुनं यंत्र दुरुस्त करून, संगणकाला जोडून एलपी सीडीवर उतरवायला घेतल्या. पहिली सीडी आजीला लावून दाखवली. एका ठिकाणी आजोबांच्या हातून पडलेल्या ओरखड्याचा 'टक्' येतो, तो यायच्या आधीच आजीने बोट वर केलं होतं म्हणे.