आधी भार मोजा, मग गच्ची

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्याच क्षणी, अंधारलेल्या भागात बॅटरीविना चालणारी गच्चीवरची सोलरही बंद पडली. दिवस उजाडलेला, पॅनेल शाबूत, तरी लिफ्ट अडकलेली.

अनेकांना ही फसवणूक वाटते. पण असा साधा इन्व्हर्टर बाहेरून येणाऱ्या विजेच्या तालावर चालतो आणि तो ताल थांबला की त्याने थांबायचं, हा सुरक्षेचा नियम आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच गच्चीवरच्या विजेचा झटका बसेल. मायक्रोग्रिडमध्ये, म्हणजे इमारतीच्या स्वतःच्या छोट्या वीजजाळ्यात, एक स्विच बाहेरची तार आपोआप तोडतो, आणि बॅटरीच्या जोरावर वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर इमारतीपुरता ताल स्वतः धरतो.

सोसायटीच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, ‘गच्चीवर किती किलोवॅट बसतील?’ मला हा प्रश्न उलट्या टोकाचा वाटतो. वीज गेल्यावर काय चालू राहिलंच पाहिजे, हे आधी ठरवावं लागतं.

समजा, चार मजली, २४ घरांची इमारत आहे. पाच अश्वशक्तीचा पंप दोन तास चालला तर साडेसात युनिट. लिफ्ट दिवसभरात तुटक तुटक चालून चारेक युनिट. जिने आणि पार्किंगचे दिवे अडीच, कॅमेरे आणि फाटक साडेतीन. सामायिक खर्च झाला सतरा-अठरा युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट देतं, म्हणजे साडेचार किलोवॅट पुरेल, असं कागदावर दिसतं. पण जुलै-ऑगस्टच्या झडीत हेच उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. म्हणून मी दहा किलोवॅट धरीन. त्याला सुमारे हजार चौरस फूट मोकळी, पाण्याच्या टाकीची सावली न पडणारी जागा लागते. उन्हाळ्यातली जास्तीची वीज नेट मीटरमधून सामायिक बिलात वळती होते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

बॅटरीचं गणित वेगळं, ते रात्रीचं. चार तास वीज गेली आणि प्रत्येक घराला एक कमी विजेचा पंखा, एक दिवा, एक राउटर असे ५० वॅट दिले, तर २४ घरांचे पाच युनिट होतात. जिने, कॅमेरे, लिफ्टच्या मोजक्या फेऱ्या धरून सव्वासात. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, शिवाय इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज खर्ची पडते. म्हणून लिथियमची दहा युनिटची बॅटरी घ्यावी. शिसं-आम्लाची घेतली तर बरीच मोठी लागेल, कारण तिची निम्मीच वापरणं तिच्या आयुष्याला मानवतं.

पण चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर? ते यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे सात घरांचे पंखे-दिवे. मी ते यादीत सगळ्यात वर लिहीन. ही यादी कंत्राटदाराच्या हाती कधीच सोपवू नये. ती शेजाऱ्यांनी एकत्र बसून करायची असते.

इन्व्हर्टर निवडताना खरा अडसर मोटरीचा. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. लिफ्ट आणि पंप एकाच क्षणी सुरू झाले तर सगळंच बसतं. म्हणून एक चालू असताना दुसरं अडवणारी जोडणी करावी.

चालवणं हा रोजचा संसार आहे. पावसाळ्यात बॅटरी भरलेली ठेवावी आणि ती पत्र्याच्या तापलेल्या शेडखाली मांडू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आल्यावर कोकणातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी पहाटेचा पंप सकाळी अकरानंतर, थेट उन्हावर लावायचा. मग ढग दाटले की आधी घरांचे पंखे बंद, मग लिफ्ट. कॉन्सन्ट्रेटर, पाणी आणि जिन्यातला दिवा शेवटपर्यंत.

आणि महिन्यातून एकदा, सगळ्यांना आधी सांगून, मेन स्विच खाली ओढून पाहावा. लिफ्ट रिकामी असताना.