एक आजार, निरनिराळी रूपे



‘पेम्फिगस’ या दुर्मीळ आजारात शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडे आपल्याच त्वचेच्या पेशींना सांधणाऱ्या प्रथिनांवर उलटतात. पेशी सुटतात व फोड येतात. मात्र सर्व लोकांत त्याचे रूप सारखे नसते.

भारतात बहुधा ‘पेम्फिगस व्हल्गॅरिस’ आढळतो. त्याची सुरुवात पुष्कळदा तोंडातील न भरणाऱ्या जखमांनी होते. ॲश्केनाझी यहूदी लोकांतही तो अधिक दिसतो. तिथे विशिष्ट जनुकांचा संबंध आढळला आहे.

ब्राझीलच्या ग्रामीण भागातील प्रकाराला ‘फोगो सेल्व्हाजेम’, म्हणजे ‘रानटी आग’, म्हणतात. त्यात तोंडात फोड येत नाहीत, पण अंगाची लाही होते. लिमाओ व्हेर्दे येथील तेरेना आदिवासींत शंभरात सुमारे तिघांना तो आढळला. जनुकांबरोबर चावणाऱ्या माश्याही त्याला कारण असाव्यात, असे संशोधक मानतात. काम्पो ग्रांदे शहरात ॲडव्हेंटिस्ट मंडळीने अशा रुग्णांसाठी रुग्णालय उभारले.

पाड्यांवर मी हेच सांगते: हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तो कोणाचा शापही नाही. तोंडातील जखमा दोन-तीन आठवड्यांत भरल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगस व्हल्गॅरिसचे बहुतेक रुग्ण दगावत. आज उपचाराने बहुतेक वाचतात. रुग्णाला दूर बसवू नका, आपल्या पंगतीला घ्या.