देहदानातून घडतो शल्यविशारदाचा हात

चंदगड - अनेक बाळंतपणे, डोक्यावरची ओझी आणि उतारवय यांमुळे ओटीपोटातील स्नायू व बंध सैल होतात आणि गर्भाशय खाली उतरते. ‘अंग बाहेर येणे’ या नावाने ग्रामीण स्त्रियांना हा विकार परिचित आहे. लाजेपोटी तो वर्षानुवर्षे लपविलाही जातो. भात, काजू आणि रताळी पिकविणाऱ्या चंदगडसारख्या डोंगराळ तालुक्यातील स्त्रीला अशा अवघड शस्त्रक्रियेसाठी बहुधा बेळगाव वा कोल्हापूर गाठावे लागते. तेथील शल्यविशारदाचा हात कसा तयार होतो, हा प्रश्न म्हणूनच तिच्या दृष्टीने महत्त्वाचा. त्याचे एक उत्तर देहदानात आहे.

न दिसणारा टाका

गर्भाशय काढून टाकणे हा या विकारावरचा एकमेव उपाय नव्हे. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशय न काढता ते कृत्रिम धाग्याच्या पट्टीने कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीला बांधण्याची पद्धत विकसित केली. आज अशा पुनर्रचनेच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत.

त्यांपैकी काहींमध्ये टाका केवळ बोटाच्या स्पर्शाने जागा हेरून घालावा लागतो. योनिमार्ग कटिरातील बळकट बंधाला टाचताना सुई तेथील हाडाच्या टोकापासून सुमारे दोन सेंटिमीटर आतल्या बाजूस जावी लागते. त्या टोकाच्या मागूनच महत्त्वाची नस व रक्तवाहिनी जाते. टाका चुकल्यास रक्तस्राव किंवा दीर्घकाळची वेदना वाट्याला येते. मूत्रवाहिनीही गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखाच्या अगदी जवळून जाते. ती दुखावल्यास मूत्र सतत झिरपत राहण्याचा धोका असतो.

मृतदेह काय शिकवतो?

प्रशिक्षणार्थी मृतदेहावर प्रथम टाका घालतो आणि नंतर तोच भाग उघडून सुई नेमकी कोठून गेली, नस किती अंतरावर राहिली, हे पाहतो. जिवंत रुग्णावर अशी पडताळणी अशक्य असते.

फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेला देह मात्र कडक होतो व त्यातील ऊती ताणता येत नाहीत. त्यामुळे अशा प्रशिक्षणात गोठवून ठेवलेले देह वापरतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने देह मऊ व लवचिक राहतो. अर्थात, मृतदेहात रक्तप्रवाह नसल्याने रक्तस्राव थांबविण्याचे कौशल्य शस्त्रक्रियागृहात, ज्येष्ठांच्या देखरेखीखालीच आत्मसात करावे लागते.

स्त्रियांचे देहदान मोलाचे

मुंबई शरीररचनाशास्त्र कायदा १९४९ चा. वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यासासाठी देह मिळावेत, हा त्याचा हेतू. या शस्त्रक्रियांच्या सरावाला मात्र स्त्रीदेहच हवा. वृद्ध स्त्रीचा देह निरुपयोगी, हा समज चुकीचा आहे. हा विकार प्रामुख्याने उतारवयातच आढळतो. गर्भाशय आधीच काढलेले असले तरी तो देह उपयोगी पडतो, कारण त्या शस्त्रक्रियेनंतरही योनिमार्ग खाली उतरू शकतो.

देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात इच्छापत्र भरून देता येते. मृत्यूनंतर देह सोपविण्याचे काम मात्र नातेवाइकांनाच करावे लागते, तेही विलंब न लावता. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा शवविच्छेदन झाले असल्यास देह सहसा स्वीकारला जात नाही. त्यामुळे इच्छापत्र कपाटात ठेवण्यापूर्वी घरातल्यांशी मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे.