लकवा झालेला हात आणि घरची माणसे

घरात कोणाला लकवा झाला की आपल्या वणीकडे पहिली धावपळ दवाखान्याची होते आणि दुसरी मालीशवाल्याची. कोणी कढत तेल सुचवितो, कोणी कबुतराच्या रक्ताचे नाव घेतो. पहिल्या धावपळीविषयी एवढेच सांगतो की, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, यांपैकी काहीही दिसताच आधी घड्याळ पाहावे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तेही स्कॅन काढून रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावरच. हा रोग शहरातल्या सुखवस्तूंचा, असेही कोणी समजू नये. चंद्रपूरच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंच्या कारणांची पाहणी केली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा मृत्यूचे पहिले कारण ठरले ते हेच. दर सात मृत्यूंमागे जवळजवळ एक.

पण आज बोलावयाचे आहे ते जे वाचतात त्यांच्याविषयी, आणि त्यातही त्यांच्या हाताविषयी. पाय बहुधा लवकर सावरतो, हात मागे राहतो.

श्रोतेहो, लुळ्या पडलेल्या हाताचे हाड, स्नायू, शिरा मुळात धड असतात. बिघाड झालेला असतो मेंदूत, हाताला हुकूम पाठविणाऱ्या वाटेवर. म्हणून हाताला कितीही रक्त चोळले तरी ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. परंतु शेजारचे भाग त्याचे काम थोडेफार उचलू लागतात. मोठा रस्ता खचला म्हणजे गाड्या पांदणीने जाऊ लागतात. पहिल्या दिवशी काटेकुटे असतात, चाक रुतते. रोज गाड्या गेल्या तरच तिथे वाट पडते. गाडी गेलीच नाही तर पांदण बुजते.

ही बुजण्याची गोष्ट फार जुन्या प्रयोगात दिसली होती. १८९५ साली इंग्लंडात मॉट व शेरिंग्टन यांनी माकडाच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या. हात हलविणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात वापरणे सोडले. पुढे अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी अशा माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. तेव्हा टाकून दिलेला हात कामाला लागला! म्हणजे नुसता दुबळेपणा नव्हे, तर न वापरण्याची सवयही जडलेली होती.

आता आपल्या घरातले दृश्य पाहा. बाबा पेल्याकडे हात नेतात, तो थरथरतो, लगेच मुलगा म्हणतो, "राहू द्या बाबा, मी देतो." सून घास भरविते, नातू सदऱ्याची बटणे लावतो. सेवा म्हणजे सारे आपणच करणे, असे आपण मानतो. प्रेमापोटीच घडते हे, पण त्या हाताला ही न वापरण्याचीच शिकवण मिळते. जवळ बसून पाच मिनिटे वाट पाहणे हे घास भरविण्यापेक्षा कठीण आहे, आणि मला वाटते, तीच मोठी सेवा आहे.

काम ओळखीचे द्यावे. आजीला तुरीच्या शेंगा सोलू द्याव्यात, देवाच्या वातींचा कापूस पिंजू द्यावा. रिकामे फुलपात्र उचलून दोन विती पुढे ठेवावयास सांगावे. ठेवून बोटे सोडणे महत्त्वाचे. कारण पकडणे बहुधा आधी परतते, सोडणे मागाहून. बोटे हलतच नसतील तर पाटावर पंचा पसरून दोन्ही हात त्यावर ठेवावेत व पुढेमागे सरकवावे. दहा वेळा करून भागत नाही. दिवसभरात थोडे थोडे करून शेकडो वेळा व्हावयास हवे.

दोन चुका मात्र हात कायमचा दुखावतात. रुग्णाला उठविताना त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये. सैल पडलेला खांदा निखळतो. बसताना हाताखाली उशी असावी. आणि बधिर हाताला शेक देऊ नये. चटका बसलेला त्याला कळत नाही.

मनगट व बोटे थोडी तरी वर उचलता येऊ लागली की, चांगल्या हातात जाड मोजा घालून दुबळ्याकडून काम करवून घेण्याची टॉब यांची पद्धत उपयोगी पडते. अमेरिकेत २२२ रुग्णांवर तिची कसोटी झाली व निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या त्या रुग्णांत दोन आठवड्यांच्या अशा सरावाने चांगला फरक पडला, आणि तो वर्षभर टिकला. मात्र तोल जाणाऱ्या माणसाला असा मोजा घालून चालू देऊ नये.

मग घरच्यांनीच सारे शिकून घेतले तर? हा प्रश्न भारतातच तपासला गेला. १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना शिकवून घरी सराव करवून घेण्यास सांगितले. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी मरण पावलेले वा परावलंबी राहिलेले दोन्हीकडे सारखेच, शेकडा ४७. हे ऐकून निराश होण्याचे कारण नाही, पण भ्रमातही राहू नये. घरची माया फिजिओथेरपिस्टच्या जागी बसविता येत नाही. यवतमाळ व चंद्रपूर येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अधूनमधून तिथे हात दाखवून पुढचा व्यायाम विचारून यावा, आणि मधल्या दिवसांत घरी तोच चालवावा.

पहिले तीन महिने सुधारणा झपाट्याने होते, पुढे मंदावते. थांबतेच असे नाही. त्या सुमारास कित्येक रुग्ण एकाएकी रडू लागतात, व्यायाम नको म्हणतात. त्याला हट्ट समजून रागावू नये. उदासी हाही या दुखण्याचाच भाग असतो आणि तिच्यावर औषध आहे. डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.