दारी आलेले समन्स

समजा, एका गावी दोन शेजाऱ्यांत शेताच्या बांधावरून तंटा उपस्थित झाला. एकाने तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. दुसरा मात्र शेतात नांगर धरून उभा आहे. आपल्याविरुद्ध दावा लागल्याची त्याला वार्ताही नाही. अशा वेळी न्यायाधीशांनी एकाचेच म्हणणे ऐकून निकाल दिला, तर त्यास न्याय म्हणता येईल काय? दोन्ही बाजूंना बोलण्याची संधी दिल्यावाचून निर्णय करू नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व होय. म्हणून ज्याच्यावर दावा लावला, त्या प्रतिवादीस न्यायालय बोलावणे धाडते. या बोलावण्यास समन्स म्हणतात आणि ते घरोघर पोहोचविणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्यास बेलिफ म्हणतात.

बेलिफाने हे काम कसे करावे, ते १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सांगितले आहे. समन्सावर सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो. सोबत दाव्याच्या अर्जाची प्रत असते. बेलिफाने ते शक्यतो प्रतिवादीच्याच हाती द्यावे व पोच म्हणून त्याची सही घ्यावी. तो घरी नसेल आणि लवकर भेटण्याचा संभव नसेल, तर घरातील सज्ञान माणसाजवळ द्यावे. मूळ कायद्यात येथे केवळ पुरुषांचा उल्लेख होता; १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांनाही हा अधिकार मिळाला. घरचा नोकर मात्र कुटुंबातील मानला जात नाही.

प्रतिवादीने समन्स घेण्याचे नाकारले, तर त्याची प्रत घराच्या बाहेरील दारावर चिकटवावी लागते. ती केव्हा व कशी चिकटविली, घर कोणी दाखविले, त्या वेळी कोण हजर होते, हे सारे बेलिफाने अहवालात लिहावयाचे असते. न्यायालय त्याला शपथेवर प्रश्नही विचारू शकते.

एवढा कडक बंदोबस्त कशासाठी? एखादा बेलिफ गावात न जाताच वडाच्या सावलीत बसून ‘समन्स दारावर लावले’ असे लिहू लागला, तर काय होईल? बिचारा शेतकरी तारखेस हजर राहणार नाही आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होईल. जमीन हातची जाण्याची वेळ आली, म्हणजेच त्याला सारे कळेल! समन्स रीतसर बजावलेच नव्हते, असे त्याने दाखवून दिल्यास तो हुकूमनामा रद्द होऊ शकतो. परंतु ज्याला तारीख वेळेवर ठाऊक होती, त्याला बजावणीतील बारीकसारीक चुकीची सबब सांगता येत नाही.

२००२ पासून समन्स कुरिअरनेही पाठविता येते. मात्र त्यासाठी कोणतीही संस्था चालत नाही. उच्च न्यायालयाने अथवा जिल्हा न्यायाधीशांनी मान्यता दिलेलीच संस्था लागते. साधन बदलले, तरी विश्वासाची अट कायम राहिली आहे.

समन्स दारी आले, म्हणजे आपली अब्रू गेली, असे पुष्कळांस वाटते व ते दार लावून घेतात. हा गैरसमज होय. समन्स घेणे म्हणजे दावा कबूल करणे नव्हे. ‘तुझेही म्हणणे ऐकावयाचे आहे,’ असा तो न्यायालयाचा निरोप असतो. तो निरोप प्रामाणिकपणे पोहोचविणारा बेलिफ न्यायासनावर बसत नाही. परंतु न्यायाची पहिली पायरी तोच बांधीत असतो.