सहा मैलांचे बर्फ

रहस्य आणि प्रणय एकत्र गुंफणाऱ्या कादंबरीत हिमवादळ नेमके काय करते? या प्रश्नासाठी मी अॅगाथा ख्रिस्ती यांची १९३१ची ‘द सिटाफर्ड मिस्टरी’ निवडतो.

इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर बर्फ पडतो आहे. सिटाफर्ड हाउसमध्ये गंमत म्हणून प्लँचेटला बसलेल्या मंडळींना संदेश येतो : कॅप्टन ट्रेव्हेलियन यांचा खून झाला. वेळ सायंकाळी ५.२५. ट्रेव्हेलियन सहा मैलांवरच्या एक्झॅम्प्टनला राहतात. मोटार चालणे अशक्य. म्हणून त्यांचे मित्र मेजर बर्नाबी पायी निघतात. पोहोचून पाहतात, तर खून खरोखरच झालेला.

बर्फाचे पहिले काम हिशेबाचे. ते अंतराचे वेळेत रूपांतर करते. कोण कुठे असू शकत होते, हे त्या सहा मैलांवरून ठरते. दुसरे काम संशयाचे. अशा दिवशी गावात आलेला परका माणूस सहज नजरेत भरतो. ट्रेव्हेलियनचा भाचा जिम पिअरसन याला अटक होते, ती तो तिथे आला होता म्हणूनच.

इथे प्रणय कथेत शिरतो. जिमची वाग्दत्त वधू एमिली ट्रेफ्युसिस त्याचा दुबळेपणा ओळखून आहे. तो खुनी नाही, याचीही तिला खात्री आहे. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. पत्रकार चार्ल्स एंडरबीला हाताशी धरून ती शोध घेते आणि तोही तिच्या प्रेमात पडतो.

खुनी कोण, ते सांगत नाही. एमिली मात्र शेवटी जिमलाच निवडते. ज्या विश्वासासाठी ती एवढी वणवण करते, तोच मला या कादंबरीचा खरा प्रणय वाटतो.